रोल कोरा का आला, काळा का आला, डाग कसले? फिल्मवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मी बसून बनवलेले नाहीत. लोक व्हॉट्सॲपवर निगेटिव्हचे फोटो पाठवतात (बऱ्याचदा ट्यूबलाइटसमोर धरून, बोटासकट) आणि खाली "काय झालं असेल?" एवढंच लिहितात, आणि तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून आता एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी रत्नागिरीत राहतो आणि रोल घरच्या न्हाणीत धुतो (धुणं म्हणजे डेव्हलप करणं), म्हणून उत्तरं आपल्या हवेतली आहेत. पुस्तकातलं २० डिग्रीचं पाणी आपल्या नळाला येत नाही आणि पुस्तकवाल्याच्या घरी जुलैत पापड सादळत नाहीत, तेवढा फरक धरून वाचा. प्रश्नांना नंबर दिलेत, कारण एकातलं उत्तर दुसऱ्यात लागतं.

१. फोटो खराब आलेत. चूक कॅमेऱ्यात झाली की धुताना, हे कसं कळणार?

स्कॅन बघू नका. स्कॅनर आपल्या मनाने उजेड वाढवतो, कमी करतो, त्यातून काही कळत नाही. निगेटिव्ह (धुतलेली फिल्म, तिच्यात उजेड काळा आणि अंधार कोरा दिसतो) हातात घ्या, खिडकीत पांढऱ्या आभाळासमोर धरा आणि आधी चित्र नाही, कडेला छापलेले आकडे आणि फिल्मचं नाव बघा.

ही अक्षरं फॅक्टरीतच उजेडाने उमटवलेली असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, ती दिसायला लागतात फक्त डेव्हलपरमुळे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या केमिकलमुळे. म्हणजे अक्षरं नीट काळी आणि चित्र फिकट असेल तर धुणं बरोबर झालंय, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही फिकट, चित्रही फिकट, तर डेव्हलपर कमी पडला: वेळ कमी, पाणी थंड (आपल्याकडे हे होत नाही म्हणा), नाहीतर डेव्हलपर मेलेला. अक्षरं जाडजूड काळी, फुगल्यासारखी आणि आभाळ अगदी कोळशासारखं असेल तर जास्त धुतलंय.

आता चित्राकडे या. सावलीतला भाग, म्हणजे माडाच्या बुंध्याची काळी बाजू किंवा पडवीच्या आतला अंधार, निगेटिव्हवर अगदी काचेसारखा कोरा असेल तर तिथे उजेड पोचलाच नाही. तो नंतर कितीही धुतलंत तरी येणार नाही. सावली कॅमेऱ्यात ठरते आणि उजळ भाग किती काळा होणार हे मुख्यतः टँकमध्ये (फिल्म धुवायच्या बंद डब्यात) ठरतं, एवढं डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

फक्त एक करा, पहिला नीट आलेला रोल जपून ठेवा आणि पुढचे त्याच्याशेजारी धरून बघा. प्रत्येक कंपनीची अक्षरं सारखी काळी नसतात, त्यामुळे एचपी५ या काळ्या-पांढऱ्या फिल्मची एचपी५ शीच तुलना करायची.

२. माझो रोल आख्खो कोरो इलो, काय झाला?

मालवणहून आलेला प्रश्न, जसा आला तसा ठेवलाय. परत कडेची अक्षरं बघा. अक्षरं आहेत आणि फ्रेम एकही नाही, म्हणजे धुणं झालं पण फिल्मवर उजेड पडलाच नाही. दहातल्या नऊ वेळा फिल्मचं टोक स्पूलमधून सुटलेलं असतं आणि तुम्ही ३६ वेळा हवेवर लिव्हर ओढलेला असतो. रोल भरल्यावर रिवाइंडची खुंटी हलक्या हाताने फिरवून ढिलाई काढा आणि मग लिव्हर ओढताना ती खुंटी उलटी फिरते का बघा, फिरली नाही तर फिल्म सरकत नाहीये. दहावी वेळ म्हणजे रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर लेन्सचं झाकण राहिलं, त्यात व्ह्यूफाइंडर वेगळा असतो त्यामुळे झाकण दिसतच नाही.

अक्षरंसुद्धा नाहीत, सगळी फिल्म स्वच्छ पारदर्शक, तर डेव्हलपरने काम केलं नाही किंवा आधी हायपो (डेव्हलपरनंतरचं, चित्र कायम करणारं केमिकल) ओतला. हे मी स्वतः केलंय. एकसारख्या दोन बाटल्या, लेबल ओल्या हाताने पुसलं गेलं, आणि बहिणीच्या साखरपुड्याचा रोल गेला. तेव्हापासून हायपोच्या बाटलीला मानेत लाल दोरा बांधलेला असतो, अंधारातही हाताला लागतो. आधी हायपो गेला असेल तर फिल्म परत येत नाही.

३. आणि आख्खा काळा आला तर?

कडा, भोकांमधली जागा, सगळं काळं असेल तर चित्राच्या बाहेरही उजेड गेलाय: मागचं झाकण उघडलं, चेंजिंग बॅगेची (आत हात घालून अंधारात फिल्म चढवायच्या काळ्या पिशवीची) चेन राहिली, किंवा टँकमधली मधली नळी घालायची विसरली. ती प्लॅस्टिकची नळी नुसती रीळ (फिल्म गुंडाळायची चकती) धरायला नाही, ती आणि वरचं झाकण मिळून उजेड अडवतात, नळी नसेल तर बाहेरून टँक बंद दिसतो आणि आत ऊन पडलेलं असतं. कडा स्वच्छ आणि फक्त फ्रेम काळ्या असतील तर ओव्हर एक्सपोज झालंय, उजेड जास्त पडलाय: आयएसओ (फिल्मला किती उजेड लागतो तो आकडा) चुकीचा, शटर अडकतंय, किंवा लेन्सच्या पात्यांवर तेल आलंय आणि ती वेळेत मिटत नाहीत. लेन्स काढून एफ/१६ वर (म्हणजे छिद्र बारीक) ठेवून मागच्या दांडीने पाती उघडमीट करा, आळसावल्यासारखी हलली तर तेच.

४. समुद्रावर मीटर बरोबर दाखवत होता तरी सगळी माणसं काळवंडली. मीटर खराब आहे का?

मीटर, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र, ठीक आहे. मीटरला वाळू, होडी, आजी काही कळत नाही, तो समोर दिसेल ते मधल्या करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. कर्द्याच्या किंवा गुहागरच्या वाळूवर दुपारी उभे राहिलात, मागे चमकणारं पाणी, वर पांढुरकं आभाळ, की तो म्हणतो बापरे किती उजेड, आणि सगळ्याला खाली ओढतो. वाळू करडी येते आणि माणसाचं तोंड तव्यासारखं. अशा ठिकाणी मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त द्यायचा.

उलटंही होतं आणि ते कोणी सांगत नाही. रत्नागिरीत मांडवीला वाळू काळी आहे आणि गावाच्या दुसऱ्या बाजूला 'पांढरा समुद्र' नावाचा पांढऱ्या वाळूचा किनारा, दोन्हीकडे तोच रोल, तोच कॅमेरा, तासाभराच्या अंतराने घेऊन जा. मांडवीला फ्रेम ओल्या काळ्या वाळूने भरली तर मीटर जास्त उजेड देतो आणि वाळू राखेसारखी येते, पांढऱ्या समुद्रावर कमी देतो. मी हा खेळ मुद्दाम करून बघितला, दोन्ही निगेटिव्हवर वाळूचा काळेपणा जवळजवळ सारखा आला! मीटर कसा विचार करतो हे समजायला यापेक्षा सोपा धडा नाही आणि खर्च सहा फ्रेमचा.

सोपा उपाय: तळहातावर मीटर करा. हात त्याच उन्हात धरायचा ज्या उन्हात माणूस उभा आहे, फ्रेम हाताने भरायची, आणि जे येईल त्यापेक्षा एक स्टॉप उघडायचं. माणसाचा रंग कसाही असला तरी तळहातांमध्ये फार फरक नसतो, म्हणून हे चालतं. हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलावाला जाता तेव्हा सूर्य समुद्राच्या बाजूने डोळ्यांत येतो, तिथे तर हाच एक मार्ग, नाहीतर सगळ्यांच्या नुसत्या सावल्या येतात. सावल्याच हव्या असतील तर मीटर म्हणेल तसं करा.

५. मीटरच नाहीये. अंदाजाने कसं काढू? आणि पावसात?

कडक ऊन, सावली धारदार, तर एफ/१६ आणि शटर आयएसओइतकं. म्हणजे ४०० च्या फिल्मला १/५००, १०० च्या फिल्मला १/१२५. वाळूवर एफ/२२. ऊन जरा मऊ झालं तर एफ/११, ढगाळ पण उजेड चांगला तर एफ/८, दाट मळभ तर एफ/५.६, उघड्या आभाळाखालची सावली एफ/४.

हे आकडे आपल्या जूनला पुरत नाहीत. मिरगाचा काळा ढग आला की दुपारी तीन वाजता घरात दिवे लावावे लागतात, तेव्हा एफ/५.६ वर थांबू नका, आणखी एक-दोन स्टॉप द्या. तसंच माडा-पोफळीच्या वाडीत बाहेर ऊन असलं तरी आत खूप अंधार असतो, आपला डोळा लगेच सवय करून घेतो म्हणून कळत नाही. निगेटिव्ह फिल्मला चुकायचंच असेल तर जास्त उजेडाच्या बाजूला चुकायचं, एक-दोन स्टॉप जास्त ती पचवते, कमी पडलेलं नाही. स्लाइड फिल्मला (जिच्यावर सरळ चित्र येतं, निगेटिव्ह नाही) हे लावू नका, तिथे उलटं आहे.

६. आजोबांचा कॅमेरा सापडला, मीटरची सुई हलते, पण सगळं अंडर (उजेड कमी पडलेलं) येतंय.

बॅटरी बघा. १९६०-७० च्या बऱ्याच कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल जायचा, तो आता मिळत नाही. त्या जागी त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की बऱ्याच मॉडेलचा मीटर आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो आणि तुम्ही कमी देता. काही कॅमेऱ्यांच्या सर्किटला फरक पडत नाही, पेंटॅक्स स्पॉटमॅटिक त्यातला. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल १.४ च्या आसपास असतो, तो रिंग लावून बसतो, पण स्टिकर काढल्यावर वापरा न वापरा काही आठवड्यांत मरतो. मोबाइलवरचं मीटर ॲप शेजारी धरून एक-दोन रोल तुलना करा, फरक कायम सारखाच असेल तर आयएसओची चकती तेवढी खाली ठेवून मोकळे व्हा.

सेलच नसलेला, पुढे काचेची खडबडीत जाळी असलेला कॅमेरा असेल तर तो सेलेनियमवाला. जाळी थकली असेल तर ती बदलण्याच्या मागे लागू नका, प्रश्न ५ वापरा.

७. पुस्तकात २० डिग्री लिहिलंय, आमच्या नळाला मे महिन्यात ३१ आहे. धुवायचंच नाही का?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, एप्रिल लागला की रोज एक. धुवायचं, पण दोनपैकी एक ठरवा: पाणी थंड करा, नाहीतर वेळ कमी करा.

गरम डेव्हलपर लवकर काम करतो. एचपी५ ला आयडी-११ हा डेव्हलपर एकास एक पातळ करून २० डिग्रीला १३ मिनिटं लागतात. २४ डिग्रीला तेच नऊ-सव्वानऊ मिनिटांत होतं, २८ ला साडेसहा-पावणेसातमध्ये. इथवर चालतं. पण स्टॉक म्हणजे न पातळ केलेला डेव्हलपर वापरत असाल तर २० लाच साडेसात मिनिटं आहेत, २८ ला चार होतात, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की ओतायला लागलेल्या वेळाचाही फरक पडतो, आभाळावर पट्टे येतात. म्हणून उन्हाळ्यात पातळ डेव्हलपर, जास्त वेळ. ३० च्या वर मी काळं-पांढरं धूत नाही, फिल्मवरचा थर मऊ पडतो आणि बोट लागलं तरी ओरखडा.

थंड कसं करायचं? घमेल्यात पाणी, त्यात डेव्हलपरची बाटली, आणि दुधाच्या पिशवीत गोठवलेला बर्फ घमेल्यात. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, एकाने टाकला आणि मग विचारलं पातळ का झालं. २४ वर आणा, २० चा हट्ट धरू नका, कारण खरी अडचण वेगळीच आहे: डेव्हलपर २० वर आणता आणि धुवायचं पाणी नळाचं ३१ चं. असा एकदम धक्का बसला की थराला सुरकुत्या पडतात, निगेटिव्ह भिंगातून बघितली तर सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा दिसतात, आणि त्या जात नाहीत. डेव्हलपर, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं पाणी), हायपो, धुवायचं पाणी, चारही दोन-तीन डिग्रीच्या आत ठेवा. मी आदल्या रात्री दोन कळशा विहिरीचं पाणी न्हाणीत भरून ठेवतो, पहाटे पाचला ते २६ च्या आसपास असतं आणि सगळं त्यातच करतो. पहाटे लाइटही जात नाही.

८. रीळवर फिल्म अर्ध्यातच अडकते. बॅगेत हात घालून रडायची वेळ येते.

दमट हवा आणि घाम. प्लॅस्टिकच्या रीळला जराही ओल लागली की फिल्म चिकटते, आणि चेंजिंग बॅगेत दहा मिनिटं हात ठेवले की आत वाफारा तयार होतोच. रीळ आदल्या दिवशी उन्हात ठेवा, पावसाळ्यात हेअर ड्रायर मारा. फिल्मच्या टोकाचे दोन कोपरे कात्रीने किंचित गोल करा. बॅगेत जायच्या आधी हात धुवा, पुसा, पंख्याखाली बसा, आणि अडकलं की जोर लावू नका: फिल्म आणि रीळ टँकमध्ये टाकून झाकण लावा, हात बाहेर काढा, चहा प्या, परत या. जोर लावलात की फिल्म दुमडते आणि निगेटिव्हवर नखाएवढी चंद्रकोर उमटते. ती चंद्रकोर कसली हा वेगळा प्रश्न बऱ्याच जणांचा असतो, उत्तर हेच.

९. निगेटिव्ह दुधाळ दिसते. दुसरी एक गुलाबी दिसते.

दुधाळ म्हणजे हायपो कमी पडला. परत हायपोत टाका, उजेडात टाकलं तरी चालतं, दुधाळपणा जाईल. किती वेळ हे मोजायला फिल्मचं कापलेलं टोक उजेडात हायपोत टाका, ते पूर्ण पारदर्शक व्हायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट द्या, टी-मॅक्स किंवा डेल्टा फिल्म असेल तर तिप्पट. टोक साफ व्हायला ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो हायपो संपला. उष्ण जागी ठेवलेल्या हायपोत पिवळट गाळ बसतो, तोही फेकायचा (कुठे ते शेवटून दुसऱ्या प्रश्नात).

गुलाबी छटा बहुतेक वेळा फिल्ममधला रंग राहिलेला असतो, ताज्या हायपोत थोडा वेळ आणि जास्त धुणं. हलकी राहिली तरी चित्राला त्रास नाही.

१०. आभाळात गोल गोल फिकट ठिपके, आणि भोकांजवळून निघालेले पट्टे.

निगेटिव्हवर फिकट गोल ठिपका म्हणजे हवेचा बुडबुडा चिकटून बसला. डेव्हलपर ओतला की टँक ओट्यावर दोन-तीनदा ठोका. भोकांच्या रांगेतून आत आलेले काळसर पट्टे म्हणजे टँक फार जोरात हलवलात. तो कॉकटेल नाहीये. मिनिटाला चार सावकाश उलटसुलट, बस.

११. वाळल्यावर पांढरे डाग राहतात. विहिरीचं पाणी खराब आहे का?

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मार्चनंतर मचूळ लागायला लागतं, बोअरचं तर जड असतंच. चव लागली तर डेव्हलपर त्यात बनवू नका, आरओचं किंवा बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या. मधलं धुणं विहिरीच्या पाण्याने चालेल, पण शेवटची बुडवणी डिस्टिल्डमध्ये वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता ओघळू देणाऱ्या द्रवाचे) दोन-चार थेंब टाकून. जास्त टाकलंत तर त्याचेच डाग पडतात. डाग पडलेच तर परत भिजवून हेच करा, कोरडं घासू नका.

पावसाळ्यात फिल्म वाळायला दिवस जातो, आणि तेवढ्या वेळात ओल्या जिलेटिनला काय काय येऊन चिकटतं! माझ्या एका निगेटिव्हवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर एक डास आहे, पाय पसरून, तो आता त्या फोटोचा भाग झालाय. मुंग्याही येतात. न्हाणीत गरम पाणी सोडून धूळ खाली बसू द्या, मग फिल्म टांगा, खाली कपड्याचा चिमटा वजनाला, दार बंद, दिवा बंद. दिवा चालू राहिला की किडे आलेच.

१२. कॉफीने धुतात ते करून बघितलं, फिल्म कोरी!

सोडा कुठला टाकलात? शंभरातल्या नव्वदांनी खाण्याचा सोडा टाकलेला असतो. हवा असतो धुण्याचा सोडा. किराणावाल्याकडे "सोडा द्या" म्हटलं की तो भज्यांचा देतो, त्याची चूक नाही. खाण्याचा सोडा पुरेसा अल्कली नसतो म्हणून डेव्हलपरच होत नाही. प्रचलित प्रमाण लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० डिग्रीला १५ मिनिटं. चिकोरी मिसळलेली कॉफी नको, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बरण्यांत ती असते, मागचं बारीक वाचा. यानंतर स्टॉप बाथला व्हिनेगर वापरू नका, सोडा आणि आम्ल भेटलं की थरात गॅस होऊन सुईच्या टोकाएवढी भोकं पडू शकतात, साधं पाणीच घ्या. वास घरभर दोन दिवस राहतो, आई विचारेल.

१३. रंगीत रोलवर लाल-केशरी पट्टे येतात, रोज वेगळ्या जागी.

कॅमेऱ्याच्या मागच्या दारात काळा फोम असतो, तो जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो किंवा भुगा होतो. तिथून आत आलेला उजेड फिल्मवर बऱ्याचदा पाठीमागून पडतो, केशरी बेसमधून गाळून येतो, म्हणून रंग लाल-केशरी. काडीला स्पिरिट लावून जुना फोम खरवडा, नवीन चिकटवा. तोवर दाराच्या फटीवर काळी टेप.

रेंजफाइंडर असेल आणि पट्ट्याऐवजी सारख्याच जागी छोटे उजळ ठिपके येत असतील तर शटरचा कापडी पडदा जळालाय. होडीत कॅमेरा मांडीवर, लेन्स वर सूर्याकडे, झाकण नाही, भिंगाने कागद जाळतात तसा पडदा जळतो. रेंजफाइंडरला झाकण लावायची सवय ठेवा, मग प्रश्न २ मधली गोष्ट होईल ती होऊ दे.

१४. फ्लॅश मारला की अर्धीच फ्रेम येते.

शटर १/१२५ किंवा वर होतं. बहुतेक जुन्या आडव्या कापडी शटरला फ्लॅश १/६० किंवा त्याखालीच. चकतीवर तो आकडा वेगळ्या रंगात किंवा वीज-खुणेने असतो.

१५. दशावतार, शिमग्यातली पालखी, रात्रीचं सगळं. ४०० ची फिल्म १६०० वर ढकलली तरी काळंच.

ढकलणं म्हणजे जास्त धुणं. ४०० ला साडेसात मिनिटं असेल तर १६०० ला १४ (एचपी५, आयडी-११ स्टॉक, २० डिग्री). याने राजाचा मुकुट, चेहऱ्यावरचा रंग, उजळ भाग वर येतो, पण मागच्या झाडाखाली बसलेली माणसं येत नाहीत, तिथे उजेड पोचला नव्हता (प्रश्न १). मीटरही फसतो: रंगमंचावर हॅलोजन आणि भोवती मैलभर अंधार, तो अंधार बघून जास्त उजेड देतो आणि चेहरे पांढरे फटक. जवळ जाऊन फक्त चेहऱ्यावर मोजा आणि मग आकडा बदलू नका. पालखी नाचवताना १/६० च्या खाली गेलात तर फक्त गुलाल येतो.

१६. दीपगृहाचा रात्री ३० सेकंद फोटो काढला, मीटरप्रमाणेच, तरी फिकट.

एक सेकंदाच्या वर फिल्म आळशी होते. एचपी५ ला १० सेकंद मोजलेत तर साधारण २० द्यायचे, ३० मोजलेत तर जवळपास ८५. प्रत्येक फिल्मचं वेगळं, तिच्या माहितीपत्रकात असतं.

१७. अलीकडे सगळेच फोटो धुरकट, निगेटिव्ह मात्र ठीक जाड आहे.

लेन्स काढा, आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. कोकणात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला घर देणं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, ती रंग बदलली की तव्यावर परत सुकवायची, आणि आगोटीआधी (पाऊस लागायच्या आधी) एकदा सगळ्या लेन्स उन्हं कोवळी असताना उघड्यावर. खारा वारा खाल्लेला कॅमेरा त्याच रात्री ओलसर मऊ फडक्याने पुसा.

१८. एक्सपायर्ड फिल्म, फ्रिजमधली फिल्म, आणि १२० वर आकडे उमटले, ते काय?

तिन्ही ठेवणुकीचे प्रश्न म्हणून एकत्र. जुन्या रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त हा ढोबळ हिशोब, पण तो बरी ठेवलेल्या फिल्मचा, माळ्यावर कौलाखाली वीस मे काढलेल्या रोलला कुठलाच हिशोब लागू नाही. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे 'इंदू' रोल अजून कोणाकोणाच्या कपाटात निघतात, ते आठवण म्हणून ठेवा, मुंजीला वापरू नका. फ्रिजमधून काढलेला रोल डबी न उघडता दोन तास बाहेर ठेवा, लगेच उघडलात तर थंड ग्लासासारखं पाणी धरतो.

१२० च्या (३५ मिमीपेक्षा रुंद) रोलमागे कागद असतो, उष्णता आणि दमटपणात त्यावरची शाई फिल्मवर छाप सोडते, आणि आभाळात १० किंवा ११ असा आकडा तरंगताना दिसतो. रोल भरल्यावर महिनाभर कॅमेऱ्यात ठेवू नका, एवढंच.

१९. सिनेमाच्या फिल्मचा स्वस्त रोल घेतला, लॅब धुवायला नाही म्हणते.

बरोबर म्हणते. त्या फिल्मच्या पाठीला बऱ्याचदा काजळीसारखा काळा थर असतो, तो रंगीत फिल्म धुवायच्या नेहमीच्या सी-४१ मशीनमध्ये सुटला तर केमिकल आणि दुसऱ्यांचे रोलही जातात. न सांगता देऊ नका, हा चक्क चोरटेपणा आहे. वरून ५००टी सारखी फिल्म बल्बच्या उजेडासाठी आहे, दुपारी समुद्रावर वापरलीत तर निळी येणार, ८५ नंबरचा फिल्टर लावा. आणि अशा रोलवर कडेची अक्षरं वेगळी असतात, प्रश्न १ ची परीक्षा इथे जपून.

२०. रंगीत घरी जमेल का? इथे लॅब नाही, मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं.

जमतं. रंगीत डेव्हलपर ३७.८ डिग्रीला सव्वातीन मिनिटं, आणि तिथे अर्धा डिग्रीही महाग पडतो, रंग सरकतात. गंमत म्हणजे यात आपण फायद्यात: थंड प्रदेशातल्यांना ३८ टिकवायला मारामारी करावी लागते, आपल्याकडे मे मध्ये बादलीत गरम पाण्याचा तांब्या टाकला की झालं. पाठवायचाच असेल तर कुरिअरचं पुडकं उन्हातल्या टपावर बसेल हे धरून चाला, सकाळी द्या, आणि भरलेला रोल महिनोन्महिने साठवू नका.

२१. वापरलेला हायपो कुठे ओतू?

विहिरीजवळ, पाणंदीत, माडाच्या आळ्यात अजिबात नाही. त्यात चांदी असते आणि पाण्यातल्या जिवांना ती घातक. कॅनमध्ये साठवा, एक्स-रे किंवा फोटोची चांदी काढणारे लोक शहरात असतात, त्यांना द्या. डेव्हलपर भरपूर पाण्यातून शौचालयात चालतो.

२२. होडीतून उतरताना कॅमेरा समुद्रात पडला, आत अर्धा रोल आहे. वाळवू का?

वाळवू नका! हे उलटं वाटतं पण वाळली की फिल्मचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रच निघून येतं. अंधारात, म्हणजे चेंजिंग बॅगेत, रोल काढा, गोड्या पाण्याने भरलेल्या काळ्या डबीत बुडवून ठेवा, झाकण लावा, आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी धुवा. ओली फिल्म प्लॅस्टिकच्या रीळवर चढणार नाही (प्रश्न ८), स्टीलचं रीळ मागून आणा, किंवा टँकमध्ये रीळसकट पाणी भरून पाण्याखालीच चढवा. देवबागच्या एका पोराचा रोल असाच आला होता, ताकाच्या बरणीत, वरून तीन काळ्या पिशव्या. २२ फ्रेमपैकी १७ मिळाल्या, कडेला खाऱ्या पाण्याचे निळसर डाग आहेत, पण आजी ओळखू येते.